किक मारून बोलणारे मोठेबाबा

मोठेबाबांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की ते आधी मोटारसायकलला किक मारत. घरात त्यांचं बोलणं दोन-तीन शब्दांपुढे जात नसे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पडली की मात्र तोंड उघडे. मोठीआईचं ऑपरेशन, आजीचं आजारपण, सगळं आम्हाला त्यांच्या पाठीकडून कळलं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आर्णीला वीज मंडळात लाइनमन; मोठीआई त्यांची बायको. आमच्या गावात दहावीपुढे शाळा नव्हती आणि मला सायन्स घ्यायचं होतं, म्हणून अकरावीला मी त्यांच्याकडे राहायला गेले. त्यांचा नीलेश माझ्याच वर्गात. घर गावाबाहेर; तिथून शिकवणीपर्यंत तुरीच्या वावरांमधून दहा मिनिटांचा रस्ता. पुढे मोठेबाबा, मधे नीलेश, शेवटी मी. आज सुरक्षिततेवर भाषणं देणाऱ्या माझं पहिलं शिक्षण ट्रिपल सीट झालं, हे मी कबूल करते.

एका सकाळी मोठेबाबा समोरच्या रस्त्याला उद्देशून म्हणाले, "तुमचं वय झालं आता. निरोधाचं ऐकून घ्या."

"बाबा, गाडीकडे पाहा ना!" नीलेश किंचाळला.

"गाडीकडेच पाहून राह्यलो. तू ऐक बे."

मी आता कामावर जी पत्रकं वाटत फिरते, त्यांत लिहिलेलं असतं : पालकांनी मुलांसमोर निवांत बसावं, नजरेला नजर द्यावी, मोकळं वातावरण तयार करावं. शेजारी सोफ्याचं चित्र. या विषयावर सोफ्यावर बसून बोलणारा बाप मला अजून जिल्ह्यात सापडायचा आहे. आपल्याकडे टीव्हीवर निरोधाची जाहिरात लागली की आईबाप चॅनेल बदलतात. पुढे पोरगी अडचणीत आली की तिलाच विचारतात, "तुले समजलं नाही का?" कुठून समजणार? बदललेल्या चॅनेलवरून?

मोठेबाबा दिवसाला एकच मुद्दा घेत. एकदा दिवस राहण्याचा, एकदा रोगांचा. नीलेशला म्हणाले, "पोट्टी नाही म्हणली का नाही. दुसऱ्यांदा विचाराचं नाही." मग मान न वळवता मला, "अन् तू, घाबरून हो म्हणाचं नाही." खांबावर चढलेला त्यांचा एक सोबती हातमोजे न घालता कामाला लागला आणि कोपरापर्यंत भाजला, ती गोष्टही ते सांगत. "कामात हुशार होता तो. दोन मिनिटाचं काम, मोजे कायले, म्हणला. घाई अन् लाज, दोन्ही माणसाले भाजते."

जे माहीत नसे, ते सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून येत. एकदा गाडी सुरू होताच म्हणाले, "काल मी चुकीचं सांगतलं. दोन घातले त जास्त बरं, असं नाही. फाटते. एकच." आपलं चुकलं, असं पोरांना सांगणारा बाप मी तेवढा एकच पाहिला.

अडचण होती आवाजाची. वाऱ्यापुढे ऐकू जावं म्हणून मोठेबाबा ओरडून बोलत. एकदा बसस्टँडच्या चौकात कापसानं भरलेला ट्रॅक्टर आडवा लागला. पेट्रोल वाचावं म्हणून त्यांनी गाडी बंद केली. आवाज कमी करायचा राहिला.

"पोरीनंबी जवळ ठेवावा निरोध! त्यात कायची लाज?"

चहाच्या टपरीवरचे कप ओठांपाशी थांबले. त्यातला एक कप माझ्या बाबांच्या मावसभावाचा होता. संध्याकाळच्या आत बातमी गावी पोचली, तीही वाटेत फुगून. तिकडे पोचेपर्यंत मोठेबाबा चौकात निरोध वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हजर. मोठीआईनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "नीलेशले सांगून राह्यलतो म्हणा. पोरीचं वर्ष वाचते."

बाबांनी विचारलं, "दादा, तू माह्या पोरीसंग असलं बोलला?"

"बोललो."

बाबांनाही भावाशी भांडायचं नव्हतं. त्यांनी वाट करून दिली. "नीलेशसंग बोलला असशीन. ते मांगं होती, तिले ऐकू नसंन आलं."

मी मोठेबाबांकडे पाहत होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दोघांले सांगत होतो," ते म्हणाले. "तिले जास्त."

"बॅग भर," बाबा मला म्हणाले.

बाबा तिकडे बसची चौकशी करत होते, तेव्हा मी रडत मोठेबाबांना विचारलं, "एक डाव खोटं बोलले असते त काय झालं असतं? माझं सायन्स गेलं."

"मी नाही म्हणलो असतो, त तुले वाटलं असतं, आपुन काही घाण ऐकलं. मंग तू पुढं कोणालेच काही विचारलं नसतं."

मला हे अजिबात पटलं नाही. सतराव्या वर्षी तत्त्व नको असतं, बायोलॉजीचं प्रॅक्टिकल हवं असतं. ते वर्ष घरात गेलं. पुढच्या वर्षी बाभुळगावला आर्ट्स. मोठेबाबांचे फोन मी उचलत नसे.

पटलं ते फार पुढे. एका वसतिगृहात माझं सत्र संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. साधा प्रश्न होता, पण तो विचारण्याआधी तिनं तीनदा माफी मागितली. मी असले प्रश्न कितीजणांना विचारले होते, माफी एकदाही मागितली नव्हती. त्याच संध्याकाळी आर्णीला फोन लावला. मोठेबाबा म्हणाले, "जेवली का?" घरात होते. याहून जास्त अपेक्षाही नव्हती.

गेल्या थंडीत ते गेले. तेरवीच्या पंगतीत बाबांनी शेजारच्या पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "आमची पोरगी. आरोग्यात हाय."

"आरोग्यात म्हणजे?"

बाबा वरणाकडे पाहू लागले.

"पोट्ट्यापोट्टीइले निरोधाचं समजावून सांगणं, काकाजी," मी म्हटलं. "हेच काम हाय माझं."

वाढणाऱ्याचा हात थबकला. बाबांनी भात कालवला. मग पाहुण्याला म्हणाले, "माह्या मोठ्या भावावर गेली."

सूर तक्रारीचाच होता. पण मी पानावरून उठले नाही, आणि बाबांनीही ऊठ म्हटलं नाही.