गॅलरीतलं बुटकं सोनं

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे एक शेजारी महत्त्वाचं काहीही दोनदा बोलायचे. बिल्डिंगमध्ये पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी यांनी नर्सरीतून ज्युनिपरचं, सुरूसारखं दिसणारं झुडूप आणलं. नवी जात, बुटकी, सोनेरी पानांची. आख्ख्या बिल्डिंगला वाटलं, वाळतंय. कुणी तसं म्हटलं की हे बनियनवर गॅलरीत येऊन ओरडायचे, "पिवळं नाही, सोनेरी. सोनेरी!"

रंग टिकावा म्हणून रविवारभर उन्हामागे कुंडी सरकवत बसायचे. झुडपाला कुणी हात लावलेला खपायचा नाही. दसऱ्याला तर आपट्याची पानं वाटणाऱ्यांवरच उखडायचे, "सोनं म्हणता आणि झाडं ओरबाडता!" स्वतः कुणाला एक पान द्यायचे नाहीत.

एका दसऱ्याला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत त्यांच्या दारात आल्या. झुडूप वाळतंय असं वाटून, दया येऊन त्या त्याला चोरून तांदळाचं धुवण घालायच्या. त्यांनी आपट्याचं पान पुढे केलं.

"घे रे, सोन्यासारखा राहा. आणि त्या झाडाकडे बघ जरा, बिचारं पिवळं पडलंय."

मी मागेच उभा होतो. म्हटलं, लागली आजींची वाट. पण हे आत गेले, कात्री आणली, ज्युनिपरचा एक शेंडा कापला आणि आजींच्या तळहातावर ठेवून वाकले.

"हे घ्या सोनं, आजी. सोनं!"

"अगोबाई, टोचतंय की रे तुझं सोनं!" आजी खुदकन हसल्या.

मीही हात पुढे केला. त्यांनी कात्री पाठीमागे लपवली.

"तुला पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी! ही जात सावकाश वाढते रे."