चाचांचा पहिला घास

"थांबा. कोणी बोलू नका."

एवढं म्हणून चाचा डाव्या हाताचं बोट वर करायचे, डोळे मिटायचे आणि पहिला घास तोंडात घालायचे. आम्ही सगळे हातातला घास हातात धरून गप्प. शेजारच्या टेबलावरचेही गप्प. गल्ल्यावर बसलेला मालक तर श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग डोळे उघडून निकाल यायचा. "फोडणी घाईत दिलीय." किंवा, "आज आचाऱ्याचं घरी भांडण झालंय." आणि फार क्वचित, वर्षातून दोन-तीनदा, नुसतं "हौ."

त्या एका 'हौ'साठी आमच्या रस्त्यावरचे हॉटेलवाले झुरायचे.

आमचा रस्ता म्हणजे तलावाच्या काठचा. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पण आमच्या ऑफिसच्या खिडकीतून मात्र बारा महिने पाणीच पाणी दिसायचं. काठाला कठडा, कठड्याला लागून रस्ता आणि रस्त्याच्या या बाजूला ओळीनं कचेऱ्या. आमच्याच इमारतीत वर वकील, मधे आमचं विम्याचं ऑफिस आणि खाली ट्रान्सपोर्टची बुकिंग कचेरी. इतकी माणसं दुपारी एक वाजता एकदम भुकेजतात म्हटल्यावर खाण्याच्या जागा उगवणारच. भज्यांची गाडी, इडलीवाले, खानावळी, रसवंती, दोन चहावाले. यातलं कोण टिकणार आणि कोण उठणार, हे खालच्या बुकिंग कचेरीतले चाचा ठरवायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. अशी एक न नेमलेली व्यक्ती तुमच्याही रस्त्यावर असेल, आठवून पाहा.

एरवी ते साधे बुकिंग क्लार्क. एमआयडीसीतून आलेल्या टॉवेल-चादरींच्या गाठींच्या पावत्या फाडायच्या, ही त्यांची नोकरी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मेंदी लावलेली दाढी.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या बाकावर डबा उघडला, तर चाचा तिथून जाता जाता थबकले.

"भवानी पेठेतली का, बेटी?"

"हो. कसं ओळखलंत?"

"ते सोड. शेंगाची चटणी मिक्सरमधली आहे. उखळात कुटलेली तेल सोडते. आईला सांग."

मी भाबडेपणानं घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "कोण हा चाचा? त्याला म्हणावं, ये कुटायला." पण पुढच्या आठवड्यात माळ्यावरचं उखळ खाली आलं, हेही खरं.

एकदा कोपऱ्यावर काचेच्या दारांचा कॅफे निघाला. आत गारवा, भिंतीवर सायकल टांगलेली. मालक तरुण आणि उत्साही. त्यानं चाचांना आग्रहानं बोलावून कॉफी दिली. फेसावर बदाम काढलेला होता. चाचांनी बोट वर केलं, डोळे मिटले, घोट घेतला.

"दिल तर छान काढलाय," ते म्हणाले. "आता कॉफी कोण काढणार?"

बिचारा लालबुंद झाला. पण महिन्याभरात त्याची कॉफी सुधारली आणि चाचांनी स्वतः आम्हाला तिथं नेऊन त्याच्यासमोर 'हौ' म्हटलं. चाचांचं हे असं होतं. नावं ठेवली की सुधारेपर्यंत पाठ सोडायचे नाहीत.

मग एका दिवाळीनंतर त्यांना ताप आला. दहा-बारा दिवस ते दिसले नाहीत. परत आले ते गालफडं बसलेले, पण बोट तसंच वर, डोळे तसेच बंद. आम्हाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. एवढंच की त्यांचे निकाल जरा एकसुरी झाले. इथं "मीठ कमी", तिथं "मीठ कमी". आम्ही लगेच माना डोलवायचो. चाचांनी सांगितल्यावर आम्हालाही ते कमीच लागायचं.

त्याच सुमारास करकंबच्या सुनंदाबाईंनी रस्त्याच्या टोकाला एक शटर भाड्यानं घेऊन खानावळ काढली. गावाकडं लग्नाकार्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाई. दोन मुली सोलापुरात कॉलेजला, म्हणून इकडं आलेल्या. कडक भाकरी, आमटी, पातळ भाजी, एवढाच बेत. उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून थेट बुकिंग कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"चाचा तुमीच न्हवं? या की जेवाया. लोकं म्हणत्यात, तुमी हौ म्हणल्याबिगर ह्या रस्त्यावर कुनी हात धुवत न्हाय."

चाचा खुलले. आम्ही पाच-सहाजण मागोमाग गेलो. बोट वर. डोळे बंद. आमटीचा भुरका. मला आमटी फार आवडली होती, पण निकालाआधी बोलायची पद्धत नव्हती.

"सगळं ठीक आहे," चाचा म्हणाले. "मीठ वाढवा थोडं."

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. "व्हय? गावाकडं तर कुनी बोललं न्हाय." पण त्यांनी मीठ वाढवलं. चार दिवसांनी चाचा पुन्हा गेले आणि पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी पुन्हा वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात तिथली आमटी इतकी खारट झाली, की लोक अर्धी टाकून उठायला लागले आणि मग यायचेच बंद झाले. चाचांना विचारायची हिंमत कुणाला होणार? आम्हाला वाटलं, आपलीच जीभ बिघडली.

उलगडा झाला तो चहामुळे. एका दुपारी चहावाल्याच्या हातून साखरेऐवजी मिठाचा डबा पातेल्यात उपडा झाला. पहिल्या घोटाला वकील ओरडले, आमच्या साहेबांनी रस्त्यावर चूळ भरली, मी ग्लास कठड्यावर ठेवून खोकत सुटले. चाचा मात्र जरा पलीकडे, तलावाकडं तोंड करून निवांत पीत होते. अर्धा ग्लास संपला होता.

"वा," ते वळून म्हणाले, "आज इलायची बरोबर आहे."

सगळे हसले. त्यांना वाटलं, चाचा चहावाल्याची फिरकी घेतायत. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. त्यांनी हळूच इतरांच्या ग्लासांकडं पाहिलं, मग स्वतःच्या. आणि ग्लास खाली ठेवला.

सगळे पांगल्यावर मी जवळ गेले.

"चाचा, कधीपासून?"

पाण्यात बदकांची रांग चालली होती, ती मोजत असल्यासारखे चाचा उभे राहिले.

"तापापासून," ते शेवटी म्हणाले. "वास नाही, चव नाही. भाकरी खातो ती पुठ्ठा, मटण खातो ते रबर. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी, ते सांगत नाहीत."

"घरी माहीत आहे?"

"घरी?" ते किंचित हसले. "तीस वर्षांत मी बायकोच्या सालनाला सरळ चांगलं म्हटलं नव्हतं. आता काय बोलावं कळेना, म्हणून रोज 'बहुत अच्छा' म्हणत होतो. चौथ्या दिवशी तिनंच विचारलं, तुमको क्या हुआ, खरं सांगा. तिला फसवता आलं नाही. तुम्हा लोकांना फसवणं सोपं होतं, बेटी. मीठ कमी म्हटलं की सगळे हो म्हणतात."

मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते दहा-बारा दिवस आले. तापातून उठलेला माणूस, समोर वाफाळतं ताट आणि आत काहीच नाही.

"सुनंदाबाई शटर बंद करून गावी जायचं म्हणतायत," मी सांगितलं. "या महिनाअखेर."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. हॉटेल चालतंय की नाही, हे पाहायला ते मधे तिकडं फिरकलेच नव्हते. मला वाटतं, तेवढी छाती झाली नसावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ते खानावळीत गेले. मीही मागं गेले. दोन टेबलं भरलेली, बाकी रिकामी. चाचा बसले नाहीत. मधोमध उभे राहिले.

"बाई, तुमच्या आमटीला मीठ बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून. मलाच चव लागत नाही. मी खोटं बोललो."

सुनंदाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"खोटं?" त्या म्हणाल्या. "तीन आठवडं झालं, मानसं ताटात टाकून उठत्यात. मला वाटलं माज्या हाताची चव गेली. रातचं झोप न्हाय मला. पोरी म्हणत्यात, आई, गावाला जाऊ. आन् तुमी आज सांगताय व्हय?"

चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. बाईंना जेवढं बोलायचं होतं तेवढं त्या बोलल्या, आणि त्यांना बरंच बोलायचं होतं. शेवटी दम लागला तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चाचांना नीट निरखलं.

"काईच लागत न्हाय? तिखटबी न्हाय?"

"तिखट जिभेला टोचतं. चव नाही."

"अरं द्येवा," त्या म्हणाल्या आणि तव्यावरच्या भाकरीकडं वळल्या. "बसा. उपाशी तर राहू नगा."

चाचा बसले नाहीत. त्या दुपारी ते आमच्या रस्त्यावरच्या एकूण एक इमारतीत गेले. प्रत्येक मजला चढले. बँकेत, वकिलांकडं, आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये. सगळीकडं एकच वाक्य. "माझी जीभ गेलीय, बाईंच्या हाताला काही झालेलं नाही. उद्या तिकडं जेवा." कुणी हसलं. चहावाला म्हणाला, "चाचा आऊट!" ते पुढच्या जिन्याला लागले.

दुसऱ्या दिवशी खानावळीत बसायला जागा नव्हती. अर्धे आमटीसाठी आले होते, अर्धे चाचांची गंमत पाहायला. पण आमटी खाऊन सगळेच पुन्हा आले.

तुम्हाला वाटेल, यानंतर चाचा मिटून गेले असतील. मुळीच नाही. त्यांनी धंद्याची पद्धत बदलली. आता ते जेवायच्या टेबलावर नसायचे, खरकटी ताटं येतात त्या मोरीजवळ स्टूल टाकून बसायचे.

"बाई, कडेच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं भाकरीचे पापुद्रे तेवढे खाल्ले, कडा ठेवल्या. दात नाहीत त्याला. उद्या मऊ द्या."

"बाई, आज चार वाट्या पुसून आल्यात. वांगं जमलंय."

सुनंदाबाई कुरकुरायच्या, "लई बोलताय, वाटेत बसू नगा की." पण स्टूल त्यांनीच आणून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर चाचा आणि चाची विजापूरला मुलीकडं राहायला गेले. आता त्यालाही दोन वर्षं झाली. रस्त्यावर नवीन चार-पाच दुकानं निघालीत, त्यातली दोन बंदही पडली. निकाल द्यायला कुणी नसल्यामुळं लोक मोबाईलवर तारे बघून जेवायला जातात आणि मग ऑफिसात येऊन चिडतात.

ते गेले तो दिवस मला आठवतो. प्रत्येक हॉटेलवाल्यानं काही ना काही बांधून दिलं होतं. दोघं रिक्षात बसले तेव्हा मांडीवर, पायाशी, सगळीकडं पुडकी. मी निरोप देऊन फुटपाथवरून परत निघाले, तर त्यांची रिक्षा पुढच्या सिग्नलला अडकलेली. चाचींनी सुनंदाबाईंची पुडी सोडली होती. भाकरीचा तुकडा चटणीला लावून त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावू लागल्या. चाचा त्यांच्याकडं तोंड करून बसले होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

"पैले तीखा आता," चाची म्हणाल्या. "फिर पीछे से शेंगा का मीठा."

"और लसून?"

"है. जादा नई."

चाचांच्या कपाळाला आठी पडली. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"ऐसा कैसा जादा नई?" रिक्षा हलता हलता ते म्हणाले. "और एक नवाला खा. आरामसे खा, फिर बोल."