वीस सेकंद उघडं शटर

फेब्रुवारी १९९९, मंगळवार, दुपार. आदिलाबाद–बेला रस्त्यावरच्या जिनिंग कारखान्याचा आतला हॉल. हजर: मालकांचा हैदराबादहून आलेला पुतण्या, शहरातल्या स्टुडिओचा फोटोग्राफर, कापूस निवडणाऱ्या अकरा बाया आणि त्यांची हजेरी ठेवणारी मी.

पुतण्याला कारखान्याची वेबसाइट काढायची होती. तसली वस्तू आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती.

"भिंतीले लागते का ते?" एकीनं विचारलं.

"भिंतीले लावली त मालक तिच्यावर बी चुना मारन," दुसरी म्हणाली.

सगळ्यांत जुनी, म्हातारी बाई हसली नाही. तेरा हंगाम तिनं कवडी, म्हणजे डागी कापूस, वेगळी काढण्यात घालवले होते. नजर कमी झाल्यामुळे हा शेवटचा हंगाम होता. "बाई, एक फोटो मले भेटन का? पोरगी सुरतले हाये. मी काय काम करतो, तिनं कदी पाह्यलंच नाही." मिळेल, मी म्हणाले. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

हॉलमध्ये भर दुपारीही अंधार असे. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, धूळ पेट घेईल म्हणून दिवे मोजकेच, तेही जाड काचेत. फोटोग्राफरचे तापणारे हॅलोजन दिवे मी आत येऊ दिले नाहीत. फ्लॅशचा उजेड पहिल्या यंत्रापर्यंतच पोचत होता. शेवटी फोटोग्राफरनं कॅमेरा स्टँडवर चढवला, यंत्रं थांबवायला लावली आणि पुतण्याला नि मला दाराशी बोलावून सांगितलं, "शटर बीस सेकंद खुला रहेगा. जो हिलेगा, वो फोटो में नहीं आएगा."

पुतण्या म्हणाला, "लेबर का हाथ चलना चाहिए. काम दिखना चाहिए."

"साब, दिखेगाच नहीं."

"तुम बटन दबाओ."

ढिगाजवळून म्हातारीनं ओरडून विचारलं, "बाई, काय म्हणून राह्यले ते? बसून राहू का निवडू?"

उत्तर मला माहीत होतं. पण यंत्रं बंद होती, पुतण्या घड्याळ बघत होता, आणि मी म्हणाले, "निवडत राहा." पुतण्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. फोटो निघतोय म्हणून बायांनी हात नेहमीपेक्षा भरभर चालवले.

आठ दिवसांनी फोटो आला. यंत्रं स्पष्ट, कापसाचा ढीग स्पष्ट, यंत्रावर हात ठेवून ताठ उभा असलेला पुतण्या तर शर्टाच्या बटणांसकट स्पष्ट. ढिगापाशी करड्या धुरासारखं काहीतरी. म्हातारीनं फोटो दाराच्या उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"आमी कुठं हाओ, बाई? माह्या नजरेनं दिसून नाही राह्यलं का?"

नजरेचा दोष नाही, माझा आहे, हे मी तिला सांगितलं. मग पुतण्याकडं गेले. पुन्हा फोटो काढा, अर्धा तास लागेल, बायांना मी स्वतः स्थिर बसवते.

"मॅडम, अच्छा तो है. हॉल बडा दिख रहा है," तो म्हणाला आणि त्यानं वेबसाइटचा छापील कागद पुढं केला. फोटोखाली इंग्रजीत ओळ होती: आमच्या रुईला माणसाचा हात लागत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. त्या अकरा जणींच्या बोटांना वाळल्या बोंडांचे चरे होते. मी म्हणाले, हे खोटं आहे, काढा. तो म्हणाला, वेबसाइट पे लेबर कौन देखता है. कागद मी त्याच्या टेबलावर आपटला, आणि त्या आपटण्यानं काय बदललं? काहीच नाही. संताप त्याच्यावर आहेच. पण 'निवडत राहा' हे दोन शब्द त्याचे नव्हते, माझे होते.

हंगाम संपला आणि म्हातारी बेल्याकडं, तिच्या गावी गेली. फोटोग्राफर तिथं यायला तयार होता, माझाच दिवस ठरेना. माझ्या वहीत काम असं लिहिलेलं आहे: तिच्या गावी जाणे. टोपलीभर कापूस सोबत नेणे. तिला दाराच्या उजेडात निवडायला बसवणे. फोटोची एक प्रत तिला, एक सुरतेला पोरीला. या चारही ओळींवर अजून रेघ मारलेली नाही.