अंथरुणातलं भांडं

कारखान्यात त्यांना सगळे लोकरे म्हणत. ते काही आडनाव नव्हतं. बत्तीस वर्षं ते वाफेच्या पाइपांना काचेची लोकर गुंडाळत होते, वरून पत्रा ठोकत होते आणि अंगाची खाज घेऊन घरी जात होते. निवृत्त झाले, खाज गेली, नाव राहिलं.

वय अठ्ठ्याहत्तर. तिसरा मजला, दोन खोल्या. बायको जाऊन चार वर्षं झालेली. पाठीचे मणके झिजलेले, त्यामुळे सलग दहा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही आणि वाकायचं तर नावच नको. ज्याला दहा मिनिटं उभं राहता येतं त्याने दहा मिनिटांत उरकेल असा स्वयंपाक करावा. तसा स्वयंपाक त्यांनी बसवला होता, आणि त्याच्याच पायी त्यांच्या घरातला गॅस गेला.

तो स्वयंपाक असा. सकाळी नऊला खुर्चीत बसून, मांडीवर ताट घेऊन कांदा, गाजर, बटाटा चिरायचा. बसून केलेल्या कामाला लोकरे काम धरत नसत. मग भांड्यात तांदूळ, मसूर, चिरलेलं सगळं, मीठ, आणि पाणी गळ्यापर्यंत. भांडं भरलेलंच हवं, अर्धं भांडं ऊब धरत नाही. झाकण लावायचं, उकळी येईपर्यंत स्टुलावर बसायचं. खळखळून आली की घड्याळ लावून सात मिनिटं, आणि गॅस बंद. भांडं जाड टॉवेलात गुंडाळायचं आणि पलंगावर न्यायचं. खाली घोंगडी, दोन्ही बाजूंना उशा, वर रजई. पाठीसाठी पलंगाच्या पायांखाली विटा घालून तो उंच केलेला होता, म्हणून ठेवताना वाकावं लागत नसे. पुढचे दोन तास भांडं आपलं आपण शिजत राही. ना ढवळणं, ना करपणं, ना उभं राहणं. बाराला उघडलं की वाफेने चष्मा धुरकटायचा. दुपारचं जेवून उरलेलं संध्याकाळी पुन्हा एक उकळी.

एकूण उभं राहणं नऊ मिनिटं. वाकणं शून्य.

ही अक्कल कुठल्या पुस्तकातली नव्हती. कारखान्यात सगळे कामगार जेवणाचे डबे पाइपाच्या लोकरीत खुपसून ठेवत. दुपारी दोनला उघडले तरी जीभ भाजायची.

एका रविवारी सकाळी लोकरे पाव आणायला खाली गेले होते. नेमकी तेव्हाच लेक आली. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी, दोन मुलं, आठवड्यात एकच सुट्टी, तीही बापाकडे फेरी मारण्यात जाणारी. तिच्याकडे किल्ली होतीच. आत आली तर पलंगावर रजईचा हा डोंगर. साडेदहा वाजले तरी अंथरूण तसंच, असं म्हणून तिने रजईला हिसका दिला. भांडं उलटलं. निम्मं गादीवर, निम्मं तिच्या पायावर.

लोकरे पाव घेऊन वर आले तेव्हा लेक बादलीत पाय घालून बसली होती.

"बाबा, हे काय आहे?"

"जेवण."

"अंथरुणात?"

"शिजायला ठेवलं होतं."

"गादीत?"

"मग? गादीतच ठेवतो मी."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

लेकीने कपाळावर हात मारला आणि तिचे डोळे भरून आले. लोकरेंना वाटलं, पाय दुखतोय. ते मलम शोधायला गेले. मलम सापडलं नाही. परत आले तेव्हा तिने सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकला होता.

आता इथे लोकरेंचंही चुकलं. बसून नीट समजावून सांगायला हवं होतं. पण त्यांचा स्वभाव असा की एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. शिजायला ठेवलंय, गादीत ठेवतो. याच्यापुढे समजावण्यासारखं त्यांना काही दिसतच नव्हतं.

मंगळवारी लेक त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, आवाज गोड, लहान मुलाशी बोलावं तसा.

"आजोबा, आज वार कोणता सांगाल?"

"तुमच्या पाठीमागे कॅलेंडर आहे. बघून घ्या."

डॉक्टरने काहीतरी लिहिलं.

"बरं, शंभरातून सात वजा करत जायचं हं. करू या?"

"कशासाठी?"

त्याने आणखी काहीतरी लिहिलं. "आणि स्वयंपाक केल्यावर भांडं कुठे ठेवता तुम्ही?"

"अंथरुणात."

डॉक्टरने लेकीकडे पाहिलं, लेकीने डॉक्टरकडे. कागदावर आलं: विसराळूपणा, चिडचिड, स्वयंपाकघरात एकटं सोडू नये. लोकरेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाला चटका बसला नव्हता, एक पाइप गळला नव्हता. आणि सात वजा करत नाही म्हणून त्यांच्याच घरात त्यांना काडी ओढायची बंदी!

बुधवारपासून डबा सुरू झाला. लेकीने कुठल्याशा सेवेत नाव घातलं होतं, एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच गरम जेवण. प्लास्टिकचं ताट, तीन खण, वर पातळ कागद. डबेवाला जिना चढून धापा टाकत आला. लोकरेंनी खणात बोट घातलं.

"गार आहे."

"काका, निघालो तेव्हा गरमच होतं."

"मग तुझ्या गाडीत येऊन जेवू का?"

"सत्तावीस घरं आहेत काका. तुमचं शेवटचं."

त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. सत्तावीस घरांचे जिने म्हणजे काय ते लोकरेंना कळत होतं. तो गेल्यावर त्यांनी भिंग घेऊन वरच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचली. 'खाण्यापूर्वी नीट गरम करावे.'

"कशावर?" लोकरे रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले. "कशावर गरम करू? डोक्यावर?"

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात मायक्रोवेव्ह आणते, तोवर चालवून घ्या ना बाबा, मी खूप दमलेय. लोकरेंनी फोन ठेवला. गार भात तोंडात घोळवून घोळवून गिळला. दात अर्धेच होते, गार बटाटा हिरड्यांना लागायचा. आठ दिवसांत पँट ढिली झाली, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडावं लागलं.

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. सगळी इमारत त्यांना टेलरताई म्हणायची. त्यांनी पट्टा पाहिला.

"लोकरेभाऊ, माझ्याकडे जेवत चला. एकाचं केलं काय नि दोघांचं केलं काय."

"तसं नसतं ताई. दोघांचं म्हणजे दुप्पट. मला जेवण नको, शेगडी द्या. पंधरा मिनिटं."

"आणि मग?"

"मग तुमची चाकांची पिशवी द्या. आणि दोन जुनी ब्लँकेटं."

"कुठे निघालात?"

"तक्रार करायला."

दहाव्या दिवशी सकाळी टेलरताईंच्या शेगडीवर भांडं चढलं. सव्वानऊला गॅस बंद. लोकरेंनी टॉवेल गुंडाळला, त्यावर ब्लँकेट पाइपाला घालतात तसं तिरकं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून. टेलरताई शिलाई थांबवून बघत होत्या.

"हात अजून चालतो हो तुमचा."

"हात चालतोच. डोकंही चालतं. ते कागदावर नाहीये एवढंच."

पिशवी जिन्यावरून उतरवायला टेलरताईंनी हात लावला. मग एक बस, ती बदलून दुसरी, मग पाच मिनिटांची वाट, जी लोकरेंना वीस मिनिटं पुरली. दर कठड्यावर बसत बसत ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पोहोचले. दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली. एकशे बारा. आत सत्याऐंशी चालू होता. तक्रार खिडकी क्रमांक तीन. काचेच्या पलीकडे त्यांची लेक, मान खाली घालून लिहीत होती. लोकरेंनी हाक मारली नाही, बाकावर जाऊन बसले. रांगेत आलेल्या माणसाने रांगेतच यावं.

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना त्यांचा नंबर लागला.

"बोला, काय तक्रार?" लेकीने मान वर न करता विचारलं.

"जोडणी तोडली. न विचारता."

पेन थांबलं. "बाबा? तुम्ही इथे कसे? कुणाबरोबर आलात?"

"एकटा आलो. दोन बस बदलून. लिहून घ्या."

"बाबा, घरी बोलू ना. मागे लोक आहेत."

"मीही लोकच आहे. पंचवीस नंबर थांबलोय."

मागची जाडजूड बाई, जिच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं, पुढे वाकून म्हणाली, "ऐका हो मॅडम त्यांचं. आम्ही थांबतो. थांबायची सवयच लावलीत तुम्ही."

लोकरेंनी पिशवी उघडली. ब्लँकेटचे फेरे सोडवले, टॉवेल सोडवला आणि भांडं खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"सव्वानऊला गॅस बंद केलाय. टेलरताईंना फोन करून विचार. आता किती वाजले?"

"बाबा, प्लीज."

"किती वाजले?"

"एक."

त्यांनी झाकण उचललं. वाफेचा लोट काचेवर गेला आणि लेकीचा चेहरा दिसेनासा झाला. शेजारच्या खिडकीतला कारकून उठून बघायला आला. जाडजूड बाई म्हणाली, "अगंबाई, वास तर बघा!"

लोकरेंनी खिशातून चमचा काढला, शर्टाला पुसला, भांड्याच्या झाकणात थोडं काढलं. मग झाकण काचेखालच्या फटीतून आत सरकवलं, मागोमाग चमचाही. लेकीने घास घेतला आणि हात तोंडापुढे धरून हवा घालू लागली.

"भाजलं?"

तिने मान हलवली.

"पावणेचार तास झाले त्याला. गॅसवर ठेवत नाही मी, म्हणून अंथरुणात ठेवतो. म्हातारा गॅस चालू ठेवून झोपेल म्हणून तुम्ही लोक घाबरता ना? माझ्याकडे गॅस बंदच असतो. मी भांड्याला कपडे घालतो. पाइपाला घालायचो तसे. तू लहान असताना डबा घेऊन यायचीस तिथे. बघितलंयस तू!"

"हे तेव्हाच सांगायचं होतं ना बाबा."

"सांगितलं की. तू विचारलंस, गादीत? मी म्हटलं, गादीत. पुढे तू डॉक्टरला विचारलंस, डबेवाल्यांना विचारलंस. मला कुणी विचारलं? माझी शेगडी, माझं पोट. अख्ख्या गावाला विचारून झालं, मी सोडून!"

त्यांचा आवाज चढला होता. लेकीने काचेवरची वाफ पुसली. तक्रारीचा छापील अर्ज ओढला आणि खरोखर लिहायला लागली. अर्जदार: वडील. तक्रार: न विचारता जोडणी तोडली. मग तिने तो उलटा करून फटीतून बाहेर सरकवला.

"सही करा."

लोकरेंनी सही केली. सगळं नाव, बापाच्या नावासकट.

"संध्याकाळी येते," ती म्हणाली.

"रेग्युलेटर घेऊन ये. रिकामी येऊ नकोस."

उरलेलं भांडं त्यांनी रांगेत वाटलं नाही, झाकण मागून घेऊन परत बांधलं. संध्याकाळचं जेवण होतं ते.

सहाला लेक आली. रेग्युलेटर टेबलावर ठेवला. लोकरेंनी तो उचलून रबराचा वायसर पाहिला, नळी पाहिली, स्टूल ओढून सिलिंडरवर बसवला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. स्वतःची वस्तू परत मिळाली म्हणून आभार मानायचे नसतात, त्यांनी मानले नाहीत. लेक पलंगाच्या कडेला बसली आणि तिने चप्पल काढली. तेव्हा त्यांची नजर पायावर गेली. घोट्याच्या खाली हाताच्या पंज्याएवढा डाग, कडेला कातडी अजून लाल.

"हे त्या दिवसाचं?"

"मग कशाचं? चार दिवस कामावर नुसती चप्पल घालून गेले."

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत?" लेक म्हणाली. आता चिडायची पाळी तिची होती. "एक फोन केलात तो डबा गार आहे म्हणून. मी बादलीत पाय घालून बसलेली बघितलंत ना? त्यानंतर एकदा तरी म्हणालात, पाय कसा आहे गं? मला कुणी विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही! अख्ख्या ऑफिससमोर!"

लोकरे खुर्ची पलंगाशी ओढून बसले. मग पलंगावरच्या उशा आणि रजई हाताने चाचपली.

"मी नुसतं झाकून ठेवायचो," ते म्हणाले. "बांधत नव्हतो. एका हिसक्यात सुटलं म्हणजे काम कच्चंच होतं. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला पुन्हा उलगडायला लावलं असतं."

"मग?"

"मग काय. ते कपाट उघड. खालच्या खणात जुने पट्टे आहेत, बकलचे. मला वाकता येत नाही."

लेक उठली, गुडघ्यावर बसली आणि खण ओढला.

"किती काढू?"

"चार. आणि पाय दुमडू नकोस, डाग ताणतोय."