चाकातलं मशीन आणि एक हाक

उचगावात हायवेला लागून आमचं पंक्चरचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नुसती पत्र्याची टपरी होती. एक कॉम्प्रेसर आणि ट्यूब बुडवून बघायला अर्धा कापलेला पिंप, एवढाच संसार. माझे मालक ट्रकची चाकं खोलायचे आणि मी पिंपाशी बसून ट्यूब पाण्यात फिरवत बुडबुडे शोधायचे. हळूहळू हवा भरायचं कामही माझ्याकडे आलं. सायकली, स्कूटर, मग रिक्षा.

बोलायचं मात्र जमायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. परक्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मी पदर सारखा करत पिंपाकडे वळायचे. गिऱ्हाईक आलं की मी हवेचा गेज उचलून दाखवायचे. ते म्हणायचे, "तीस मारा," मी भरायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं माझ्यादेखत मालकांना विचारलं, "मिस्त्री, वैनी मुक्या हायत काय वो?" मालक म्हणाले, "घरी येऊन ऐका की एकदा." सगळे हसले. मीही पिंपात बघून हसले.

दोन हजार सालानंतर रस्ता रुंद झाला आणि रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या. मोटारींना बिनट्यूबचे टायर आले. मालक ते कामही शिकले. तरी आमची ओळख ट्रकवाल्यांतच होती. भारीतली मोटार आमच्या टपरीपुढनं सरळ निघून जायची. मालकांच्या मनाला ते लागायचं. "त्यास्नी वाटतंय हितं नुसतं घन मारायचं काम चालतंय," असं म्हणायचे.

आणि एके दिवशी दुपारी तशी एक मोटार आमच्या दारात थांबली. परदेशी गाडी, शिरोलीकडच्या एका कारखानदाराची. कारखानदार स्वतः नव्हते, ड्रायव्हर एकटाच होता. एका चाकात खिळा तिरपा शिरला होता. वरून भोकात रबरी दोरी घालून भागणार नव्हतं, टायर उतरवून आतून पॅच लावायला पाहिजे होता. आधीच्या दुकानदारानं हातच लावला नव्हता. आमचे मालक म्हणाले, "व्हतंय की. उतरवा चाक." तोंडावर साधेपणा, पण मला कळलं की छाती फुगलीय. हे काम नीट झालं तर त्या कारखान्याच्या सगळ्या गाड्या येतील, बिघडलं तर गावभर बोभाटा होईल, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

चाक खाली आलं. तेवढ्यात समोरच्या ट्रकखालून कुणीतरी मालकांना बोलावलं म्हणून ते तिकडे गेले. ड्रायव्हर माझ्याकडे आला. "वैनी, मिस्त्रींस्नी सांगा, वालच्या बुडाला आतनं मशीन हाय. त्या बाजूनं लोखंडी पट्टी मारायची न्हाय. मोडलं तर परदेशातनं मागवायला लागतंय." वाल म्हणजे हवा भरायचा व्हॉल्व्ह. मी मान डोलावली. त्याचा मोबाईल वाजला, तो कानाला लावून रस्त्याकडे निघून गेला.

मालक परत आले तेव्हा मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. त्याच वेळी कॉम्प्रेसर सुरू झाला. त्याचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि मालकांची पद्धत पहिल्यापासून एकच. टायर रिंगपासून सोडवायचा तर सुरुवात व्हॉल्व्हपाशी. ट्रकच्या चाकावर हात तसाच बसलेला. त्यांनी लोखंडी पट्टी व्हॉल्व्हच्या शेजारी टेकवली आणि हातोडा उचलला.

"अवो!" मी म्हणाले. "अवो, थांबा!"

कोण ऐकतंय! तिथं दोन ट्रकवाले उभे होते, तेही कुणाचे तरी अवोच की. मध्ये चाकांचा ढीग, पळत जाऊन हात धरायला वेळ नाही.

मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागंपुढं काही न लावता, हायवेवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, हळदीकुंकवात, उखाण्यात गुंफून, तेही पदर तोंडाशी धरून.

हातोडा वरच राहिला. तेवढ्यात टाकी भरून कॉम्प्रेसरही बंद झाला.

"अगागा! वैनीला वाचा हाय की!" एक ट्रकवाला म्हणाला.

"आनि सुरुवातच नवऱ्याच्या नावानं! उखाणा तरी घ्यायचा की वो, वैनी," दुसरा म्हणाला.

"गप रं," मालक म्हणाले. "काय म्हणतीया ते ऐकू दे."

मी म्हणाले, "वालच्या बुडाला मशीन हाय. तिथनं मारू नगा."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" ते म्हणाले, पण पट्टी उचलून समोरच्या बाजूला नेली. तिथून टायर सुटला. वर करून आत बघितलं तर खरंच, व्हॉल्व्हच्या बुडाशी काड्यापेटीएवढा काळा डबा बसवलेला. पट्टी जिथं टेकवली होती, बरोबर तिच्याखाली. मालकांनी माझ्याकडे बघितलं.  मग पॅच असा लावला की जणू तान्ह्या लेकराला टोपडं घालतायत.

हवा मी भरली. ड्रायव्हर एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "वैनी, या, बसून बघा." मी चपला बाहेर काढून गाडीत बसले. पुढच्या काचेखाली गाडीचं चित्र होतं आणि चारी चाकांपाशी आकडे. तो म्हणाला, मघाशी इथं पिवळा दिवा होता, त्यात उद्गारचिन्ह होतं. आता दिवा विझला होता. प्रत्येक चाकातलं मशीन फिरता फिरता आतली हवा मोजतं आणि बिनतारी कळवतं, मोबाईलसारखं. आमच्या चाकापुढं तोच आकडा होता जो मी गेजवर बघून भरला होता. किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. शेवटी मालक म्हणाले, "उतरा आता, गाडी त्यांची हाय."

त्या कारखान्याच्या बाकीच्या गाड्याही मग आल्या. येईल त्याला मालक सांगायचे, "आमच्या घरातनं हाक आली म्हणून वाचलं, न्हायतर मी ठोकलंच व्हतं." मी आत जाऊन बसायचे, पण कान बाहेरच असायचे.

आता तसल्या मशीनच्या गाड्या वाढल्यात. मोटार आली की ड्रायव्हरपाशी मीच जाते. अजूनही आधी पदर सारखा करते, मग विचारते, "चाकात मशीन हाय काय?" हाय म्हणाला की व्हॉल्व्हशेजारी खडूनं फुली मारते. माझी फुली पडल्याशिवाय मालक पट्टी उचलत नाहीत. घाईचं गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणतात, "जरा दम धरा, पावणं. बाईसाहेबांचं बघून होऊ दे."