बबाचं उलटं ले

धनीराम साहू राजनांदगावहून मोहाडीले राहाले आले तेव्हा सोबत एक लोखंडी पेटी होती आणि बायकोचा चटणी वाटायचा दगड. बायको वारली होती, नोकरी संपली होती. आयुष्यभर वीज खात्यात लाइनमन होते, खांबावर चढून म्हातारे झाले. पोरगा भूषण मोहाडीच्या बँकेत, सून कीर्ती इथल्याच कोंढ्याची, नर्स. दोघं म्हणाले, बाबूजी, तिथं एकटे राहून काय करता, या इकडे. आले.

नांदगाव काही दूर नाही, रेल्वेत एक डुलकी घेतली की येते. धान तेच, तलाव तेच, गरमी तर थोडी जास्तच. धनीरामबाबूले वाटलं होतं, राज्य बदललं त काय झालं, पाटीवरचं नाव बदललं. आल्या आल्या कीर्तीले सांगून बसले, "बहू, मुझसे मराठी में ही बोलना. मैं सब समझता हूँ." कीर्ती खूश झाली. तिले हिंदीत बोलाले जडच जाई, बोलता बोलता मधातच मराठी घुसे.

पहिल्याच दिवशी शेजारच्या शकुंतलाबाई आल्या, हातात वाटीभर साखर. इकडं कोणी नवीन आलं की त्या साखर मागायच्या निमित्तानं येतात, हे सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे. या वेळी उलट साखर देऊन राहिल्या होत्या, म्हणजे चौकशी मोठी होती.

"बाबूजी, मोहाडीले कायले आले?"

बाबूनं हात जोडले. "मोहाडी ले नइ बाई. नांदगाँव ले."

शकुंतलाबाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन कीर्तीच्या कानाशी लागल्या, "तुया सासऱ्याले कमी ऐकू येते काय वं? मी विचारलं काय, तो सांगते काय."

बस. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात झालं की साहूचे बाबूजी बहिरे आहेत. चौकातला पानठेलेवाला चिंधू तवापासून असा जोरात "राम राम बाबूजी" म्हणे की ठेल्याखाली झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडं जाई. कीर्ती पोळी वाढताना ओरडे, भूषण पाणी विचारताना ओरडे.

आता ऐका, बाबूचे कान एकदम ठणठणीत होते. खांबावर असताना खालच्या हेल्परनं बिडी पेटवली तरी त्याईले काडीचा आवाज येई. पण अडचण अशी की समोरचा काहीतरी म्हणे, त्यातले सगळे शब्द कळत, आणि तरी मतलब भलताच निघे. हे सांगावं कसं? "मैं सब समझता हूँ" तर आपणच म्हणून बसलो. बहिरं म्हटलं त निदान वयावर ढकलता येते. म्हणून त्याईनं लोकाईले तसंच समजू दिलं.

दिवस जाता जात नव्हते. सकाळी फिराले जात, नजर खांबावर. कुठं तार ढिली दिसली की मान तशीच वर, एकदा तसंच चालता चालता शेणात पाय पडला. दहाच्या आत घर रिकामं. ताट झाकलेलं. मराठी पेपर मोठ्यानं वाचत, अक्षरं तर तीच, फक्त बातमी अर्धी समजे. मंग खिडकीत बसत, चार वाजायची वाट पाहत. चार वाजता चिंगी येई.

चिंगी म्हणजे नात, दुसरीत; बाबू तिले नोनी म्हणत, ती त्याईले बबा. ती आईसोबत इकडचं बोले, बबासोबत नांदगावचं, आणि एका दमात दोन्ही बोले, तिले त्याचं काही नव्हतं. ती सेवकरामच्या रिक्षात येई-जाई. एक दिवस सेवकरामची रिक्षा गॅरेजात गेली.

"मी आणतो ना नोनीला," बाबू म्हणाले. एवढं वाक्य त्याईनं आधी मनात घोटून ठेवलं होतं.

कीर्तीनं भूषणकडं पाहिलं. "रस्त्यात ट्रकचा हॉर्न ऐकू नाही आला तर?" हे तिनं हळूच म्हटलं, आणि बाबूले चांगलं ऐकू आलं. पण दुसरं कोणी नव्हतं. भूषण म्हणाला, "रिक्षा सुधरेपर्यंत पाहू. नाही जमलं त बंद."

मंग काय विचारता. दुपारी जेवण झालं की बाबू शर्टाले इस्त्री करत. खिशात फुटाण्याची पुडी. शाळेच्या फाटकापाशी सगळ्यात आधी हेच. चिंगी दप्तर त्याईच्या खांद्यावर टाके आणि घरापर्यंत तोंड बंद नाही. पोट्टे ओरडत, "चिंगी, तुये बबा आले." मोहाडीत त्याईले पहिल्यांदा एक ओळख भेटली. बहिरे साहूजी नाही, चिंगीचे बबा. हे काम हातून जाऊ नये एवढंच त्याईले पाहिजे होतं, दुसरं काही नाही.

एक दिवस सकाळी कीर्ती म्हणाली, "बाबूजी, आज मी लवकर येतो. चिंगीले मीच घेईन, तिले बूट घ्यायचे आहेत." बाबूचं तोंड पडलं, पण एक दिवसाचा प्रश्न होता.

दुपारी तिचा फोन आला. मागं लोकाईचा गलका.

"बाबूजी, मीटिंग लागली, मी भंडाऱ्याले निघाली."

"हाँ हाँ, ठीक है," बाबू म्हणाले. फोन कटला.

बाबूनं हिशोब केला. मीटिंग झाली, सून भंडाऱ्यावरून निघाली, शाळा सुटेपर्यंत आरामात पोचते. त्याईनं सवयीनं खुंटीवरून काढलेला शर्ट परत खुंटीले लावला आणि खिडकीत बसले.

शाळा सुटली. पोट्टे गेले, रिक्षा गेल्या, शिपाई फाटक लावाले आला. चिंगी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मॅडमनं कीर्तीले फोन लावला, तो लागेना, मंग भूषणले लावला. भूषण बँकेतून तसाच धावत गेला. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून बाबूले समजलं की काहीतरी झालं, काय झालं ते नाही समजलं.

"बाबूजी, कीर्तीनं तुम्हाले फोन केला होता ना?"

"केला होता."

"मंग?"

बाबूच्या तोंडात खरं आलं होतं. पण निघालं भलतंच. "नीट ऐकू नाही आलं."

संध्याकाळी जेवाले बसले. कीर्ती भंडाऱ्यावरून थकून आलेली, आवाज चढला नाही तिचा. "चूक माझीच आहे. त्याईले कमी ऐकू येते हे माहीत असून मी फोनवर सांगितलं, भंडाऱ्याले निघाली म्हणून." ती रागावली असती त बरं झालं असतं. हे वाक्य ऐकून बाबू नुसता भात चिवडत बसले.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे नेतो," भूषण म्हणाला. "मशीन लावू. आणि सेवकरामची रिक्षा सुधरली आहे. चिंगी उद्यापासून रिक्षानं."

चिंगीच्या तोंडात वरणभात होता. ती तसंच म्हणाली, "बबाले ऐकू येते."

"तू जेव."

"येते ना ऐकू. मी पाठीमागून हळूच फुटाणे मागते तरी ऐकू येते. तुम्हीच उलटं बोलता."

"काय उलटं बोलतो?" कीर्ती म्हणाली.

"बबाचं ले उलटं आहे. आपलं भंडाऱ्याले म्हणजे इकडून तिकडं. बबाच्या नांदगावात भंडारा ले म्हणजे तिकडून इकडं. तू म्हटलं भंडाऱ्याले निघाली, त बबाले वाटलं तू घरी येऊन राहिली."

भूषणचा हात ताटात तसाच थांबला. दोन्ही बोल्या त्याले येत होत्या, पण दोघींले एका ओळीत उभं करून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. "दुरुग ले आवत हंव," तो स्वतःशीच पुटपुटला. "दुर्गहून येऊन राहिलो. अरे हो."

कीर्ती एकदम म्हणाली, "मंग शकुंतलाकाकूनं विचारलं, मोहाडीले कायले आले..." आणि तिले ठसका लागला, पाणी नाकात गेलं. हसू आवरेना.

"तुले हे माहीत होतं त सांगितलं काहून नाही?" भूषणनं चिंगीले विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं?"

बाबू हसले नाही. त्याईनं ताट थोडं सरकवलं. "कान चांगले आहेत माझे. भाषा नाही समजली. सांगाले लाज वाटली."

कीर्तीचं हसू थांबलं. पदरानं नाक पुसत ती म्हणाली, "मी हिंदीत बोलत जाऊ काय, बाबूजी?"

"नाही. मराठीतच बोल. फक्त ओरडू नको." मंग म्हणाले, "आणि नोनी?"

"पाहू," कीर्ती म्हणाली. तिनं त्याईच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सेवकराम फाटकापाशी येऊन भोंगा वाजवून राहिला. सकाळची चिंगी त्याच्यासोबतच गेली. कानाच्या डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही. चिंधू मात्र तसाच ओरडला. मोहल्ल्यात एकदा कोणी बहिरा झाला की लवकर बरा होत नाही.

दुपारी फोन वाजला.

"बाबूजी, मी भंडाऱ्याले निघाली," कीर्ती म्हणाली. "सांगा आता, मी कुठं आहे?"

"अजून इथंच. तिकडं जाऊन राहिली."

"बरोबर. आणि चिंगी?"

"नोनीले मी आणतो."

"सेवकरामले मी सांगून ठेवलं आहे, संध्याकाळी येऊ नको म्हणून. बूटही घेऊन द्या तिले, बाजारात. एक नंबर मोठे घ्या." फोन कटला.

बाबू इस्त्री करून, फुटाणे घेऊन निघाले. ओट्यावर शकुंतलाबाई धान पाखडत होत्या. त्या जीव तोडून ओरडल्या, "बाबूजी, कुठं निघाले?"

"शाळेले," बाबू म्हणाले. दोन पावलं गेले, मंग वळून हातानं दाखवलं, "इथून. तिकडं."