कमी फेऱ्यांचं इंजिन

सलमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. गावागावांतल्या दवाखान्यांत डॉक्टर द्या, एवढीच मागणी. माझी बालमैत्रीण जंगलातल्या एटापल्लीला एका लग्नाला जाऊन आली, पंधरा दिवसांनी मलेरियाचा ताप चढला आणि उठलीच नाही... आजच्या काळात माणूस मलेरियानं मरतो, हे मला दोन महिने उलटले तरी कबूल नाही.

वरोऱ्यात तिच्या अब्बांचं, आमच्या सगळ्यांच्या चाचांचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथल्या ग्रीसमध्ये वाढलेली ही मुलगी विमान चालवायला शिकली, लायसन्स मिळवलं आणि पहिल्यांदा अब्बांनाच बसवणार म्हणून अडून बसली. चाचा तयार होईनात. विमानाचं इंजिन मोटारीएवढ्याच हॉर्सपॉवरचं आणि मिनिटाच्या फेऱ्या मोटारीच्या निम्म्या, हे ऐकून तर ते जास्तच बिथरले.

"ट्रॅक्टरबी कमी फेऱ्यांवर ओढते, बेटा. पण लोडानं दबून बंद पडलं तं जमिनीवर उभं राह्यते. तू कुठी उभी राहशील?"

तिनं लांब दांड्याचा पाना उचलला आणि एक गंजलेला नट हळूच पिळून सोडवला. हा पिळण्याचा जोर म्हणजे टॉर्क, तोच जोर किती वेगानं फिरवला त्याचा हिशेब म्हणजे हॉर्सपॉवर, असं तिनं समजावलं. विमानाचा पंखा थेट इंजिनच्या दांड्यावर असतो. फार वेगात फिरवला तर टोकं नुसती गोंगाट करतात, ओढ घटते. म्हणून सिलिंडर मोठे, फेऱ्या कमी, टॉर्क दांडगा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या पत्रकावानी नाई व हे, नुसतं बोंबललं की झालं."

चाचा हसले. पाना जागेवर ठेवत म्हणाले, "जुम्म्याची नमाज झाली की येतो."

तो शुक्रवार आलाच नाही; त्याआधीच तिला ताप चढला... चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तिच्या शिक्षकांनी चाचांना विमानात बसवायची तयारी दाखवली. चाचांनी हात जोडले. "तिच्या हातानं बसणार होतो, साहेब."

मी परवा गॅरेजात होते. ट्रॅक्टर धडधडत होता, शेतकरी घाईत होता. वरून शिकाऊ वैमानिकाचं विमान जाऊ लागलं तसं चाचांनी ट्रॅक्टर बंद केला. शेतकऱ्यानं विचारलं, "चाचा, काऊन बंद केलं?" ते वर बघत राहिले. रोज असंच करतात, असं शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. आवाज कोरपन्याकडे विरत गेला, पार संपला... चाचांचा हात चावीवरच होता. चावी फिरली नाही.